युजर चुकीचं टाकेलच कशाला?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आजचं लिखाण सी प्रोग्रॅमिंगवर आहे. नातेवाईक मंडळींनी लगेच पान बंद करू नये. आई, तू निदान एस्टीच्या कंडक्टरपर्यंत वाच, तिथवर सगळं कळेल. आणि आमचे जे ब्लॉगवाले मित्र दिवसा प्रोग्रॅम लिहून पोट भरतात आणि रात्री गझला पाडतात, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचायलाच हवं. यातल्या निम्म्या शिव्या त्यांच्याच नावच्या आहेत. :-)

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे सी शिकवताना पहिल्याच आठवड्यात स्कॅनएफ नावाचं फंक्शन ज्या पद्धतीनं पोरांच्या गळ्यात मारतात, ती पद्धत नुसती जुनाट नाही, घातक आहे. त्यातून पोरं सी शिकत नाहीतच, एक वृत्ती मात्र शिकतात. मी जे मागितलं तेच आणि तसंच समोरच्यानं द्यावं, नाही दिलं तर तो अडाणी. ही वृत्ती पुढं वीस-तीस वर्षं नोकरीत राहते आणि तिचा त्रास ज्यांनी जन्मात कधी सी हे अक्षर ऐकलं नाही त्यांना होतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रॅम चालू असताना माणसानं कीबोर्डवर काहीतरी टाईप करायचं असतं, आणि प्रोग्रॅमनं ते वाचून घ्यायचं असतं. सी मध्ये हे काम बहुतेक ठिकाणी स्कॅनएफकडून करून घेतात. त्याला आधी सांगायचं, मला एक पूर्णांक हवाय (पोरांच्या भाषेत 'परसेंट डी'), किंवा एक शब्द हवाय ('परसेंट एस'), आणि तो मेमरीत कुठं ठेवायचा तो पत्ता द्यायचा. तो वाचतो आणि ठेवतो. नावातला शेवटचा 'एफ' म्हणजे फॉरमॅटेड. ठरलेल्या साच्यातलं. या एका अक्षरात सगळी ग्यानबाची मेख आहे. हे फंक्शन साच्यातली माहिती वाचायला केलेलं आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमनं लिहून ठेवलेली फाईल असेल, प्रत्येक ओळीत तीन आकडे, मध्ये एक मोकळी जागा, तर स्कॅनएफसारखं सुख नाही. पण कीबोर्डपुढं बसलेला माणूस साच्यात बोलत नाही. तो माणसासारखा बोलतो.

आता कंडक्टर. सोलापूरच्या स्टँडवर पंढरपूरच्या गाडीत कंडक्टर तिकिटं काढत येतो. कोणी म्हणतं, "दोन पंढरपूर, एक हाफ." कोणी म्हणतं, "पंढरपूर दोन द्या, अन् ह्याचं अर्धं." एखादी आजी आधी नातवाचं वय सांगते, मग कुठं लग्नाला चाललोय ते सांगते आणि सगळ्यात शेवटी मोहोळ म्हणते. कंडक्टर काय करतो? पूर्ण ऐकून घेतो, त्यातलं कामाचं उचलतो, शंका वाटली तर विचारतो आणि मगच तिकीट काढतो.

त्या जागी स्कॅनएफ कंडक्टर म्हणून आला तर? त्याला वरून सांगितलंय की प्रवासी आधी आकडा सांगेल. पहिला प्रवासी म्हणाला, "पंढरपूर दोन." स्कॅनएफला 'प' ऐकू आला. हा आकडा नाही. झालं, तो तिथंच थांबतो. बरं, थांबून भांडत नाही, "काय बे, नीट सांग की" असंही म्हणत नाही. वरिष्ठांना हळूच एक चिठ्ठी देतो, 'मला काही मिळालं नाही'. वरिष्ठ ती चिठ्ठी न वाचताच फेकून देतात आणि कंडक्टरच्या डोक्यात आधीचा जो आकडा शिल्लक होता तेवढी तिकिटं फाडतात. आणि खरी गंमत पुढं आहे. 'पंढरपूर दोन' हे शब्द तसेच हवेत लटकत राहतात. दुसरा प्रवासी तोंड उघडायच्या आत स्कॅनएफला तेच शब्द पुन्हा ऐकू येतात. पुन्हा तो थांबतो. तिसरा प्रवासी, पुन्हा तेच. गाडी स्टँडातून हलत नाही.

हे मी अतिशयोक्त लिहिलेलं नाही. कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये जा, मेनूचा प्रोग्रॅम चालवा (एक दाबा बेरीज, दोन दाबा वजाबाकी), आणि आकड्याच्या ऐवजी 'ए' टाईप करा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो मेनू धबधब्यासारखा पडद्यावरून वाहायला लागतो आणि थांबत नाही. पोरं हसतात, प्रोग्रॅम मारून टाकतात आणि मॅडम येऊन म्हणतात, "अरे, कॅरॅक्टर कशाला टाकलंस? एक ते चार सांगितलंय ना?"

ती चिठ्ठी म्हणजे स्कॅनएफची रिटर्न व्हॅल्यू. किती गोष्टी नीट वाचल्या तो आकडा तो प्रामाणिकपणे परत देतो. तीन मागितल्या आणि तीन मिळाल्या तर ३. एकच जमली तर १. काहीच जमलं नाही तर शून्य, आणि माहितीच संपली असेल तर वेगळी खूण. बिचारा दर वेळी खरं सांगतो. मी आजवर प्रॅक्टिकलच्या ज्या वह्या पाहिल्या त्यात हा आकडा कोणी विचारलेला मला आठवत नाही.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आपल्यापैकी अनेकांनी वापरलंय. मराठी माणसाचं पुस्तक देशभर चाललं याचा मला अभिमानच आहे. त्यात सुरुवातीलाच सरळव्याजाचा प्रोग्रॅम येतो. मुद्दल, वर्षं, दर, गुणा, शंभरनं भागा. उदाहरण छान आहे, कारण ते सगळ्यांना कळतं. पण आता त्यात आपल्या माणसाला बसवा. नवी पेठेतला एखादा दुकानदार मुद्दल टाकतो: दीड लाख, म्हणजे १,५०,०००. जन्मभर त्यानं तसंच लिहिलंय, चेकवर, खतावणीत, पावतीवर. स्कॅनएफ वाचतो १. पुढं स्वल्पविराम दिसला की त्याचं काम संपलं. मुद्दल एक रुपया! वर्षं आणि दर या दोन जागांमध्ये मेमरीत आधीचा जो कचरा असेल तो. मग प्रोग्रॅम गुणाकार करतो, शंभरनं भागतो आणि अत्यंत आत्मविश्वासानं व्याज छापतो. चूक झाली असं एक अवाक्षरही पडद्यावर नाही. स्कॅनएफनं मात्र सांगितलेलं असतं, साहेब, तीन मागितले होते, एकच मिळाला.

चुकीचं उत्तर देणारा प्रोग्रॅम एकवेळ चालेल. चुकीचं उत्तर देऊन छातीठोकपणे उभा राहणारा नको.

आता घरातली गोष्ट. माझा भाचा सोलापुरातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे पुण्यातही होतं आणि मुंबईतही. पोरगा हुशार आहे, विचारतो. सुट्टीत आम्ही दोघांनी बसून एक नियम ठरवला होता: आधी पूर्ण ओळ वाचायची, मग तपासायची, मग वापरायची. प्रॅक्टिकल परीक्षेत त्याला विद्यार्थ्याचं नाव आणि तीन विषयांचे गुण घेऊन सरासरी काढायची होती. त्यानं तशी काढली. गुणांच्या जागी अक्षर आलं तर पुन्हा विचारायचं, शंभरच्या वर आकडा आला तर पुन्हा विचारायचं, एवढं सगळं व्यवस्थित. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही पाहिली आणि म्हणाले, "एवढं लांबण कशाला लावलंस? स्कॅनएफ येत नाही का?" यानं सांगितलं, "सर, युजरनं चुकीचं टाकलं तर?" त्यावर उत्तर मिळालं, "युजर चुकीचं टाकेलच कशाला?"

पाच मार्क गेले. मार्कांचं मला काही वाटत नाही, पोराला मात्र वाटलं. फोनवर म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी मी सरळ स्कॅनएफच लिहिणार, तुम्ही रागावू नका." माझा संताप इथं आहे. एक पोरगं समोरच्या माणसाचा विचार करायला लागलं होतं, त्याला आपण पाच मार्कांत तो विचार सोडायला शिकवलं.

युजर चुकीचं टाकेलच कशाला, याचं उत्तर सोलापुरात शोधायला फार लांब जावं लागत नाही. नावाचंच घ्या. 'परसेंट एस' पहिली मोकळी जागा आली की थांबतो. म्हणजे पूर्ण नाव विचारलं आणि माणसानं पूर्ण नाव लिहिलं, तर हातात फक्त पहिला शब्द. ज्या गावचं ग्रामदैवत सिद्धेश्वर आहे त्या गावात वर्गात सिद्धेश्वर, सिद्धाराम किती असतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. वडिलांचं नाव आणि आडनाव कापून टाकल्यावर त्या यादीचा उपयोग काय? बरं, कापलेले शब्द जात नाहीत. ते मघासारखे हवेत लटकतात आणि पुढं रोल नंबर विचारला की त्याच्या तोंडात जाऊन बसतात. साखर पेठेतल्या एखाद्या पद्मशाली घरात तेलुगू रीतीनं घराण्याचं नाव आधी सांगितलं, तर यादीत माणूस राहतच नाही, घराणं राहतं. अक्कलकोटकडचा कन्नड माणूस नावाआधी एखादं अक्षर आणि टिंब लावतो. हे सगळे लोक चुकीचं टाकत नाहीत. आपलं नाव लिहिताहेत.

मग लांबी. लॅबमध्ये नावाला वीस जागा द्यायची रीत आहे, का ते कोणालाच माहीत नाही. शेवटची एक जागा सी ला नाव संपलं ही खूण ठेवायला लागते, म्हणजे उरल्या एकोणीस. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मल्लिकार्जुनची अक्षरं अकरा, मग एक मोकळी जागा, आणि उरलेल्या सातांत सिद्धेश्वरचा 'सिद्धेस' होतो. आडनावापर्यंत पोचलोच नाही. हे झालं सभ्यपणे कापलं तर. 'परसेंट एस'ला जर मर्यादाच सांगितली नसेल, आणि वहीत ती कधीच सांगितलेली नसते, तर तो कापतही नाही. वीस जागांच्या पुढं शेजारच्याच्या घरात घुसून लिहीत सुटतो.

शेजारच्या घरात घुसण्याचं काय होतं ते जगानं २ नोव्हेंबर १९८८ ला पाहिलंय. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ६००० कंप्युटरांना त्याची लागण झाली, आणि तेव्हाचं इंटरनेट केवढंसं होतं! त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती 'गेट्स' हे फंक्शन. फिंगर नावाच्या सेवेत ५१२ जागांचा डबा ठेवलेला होता आणि गेट्स ओळ वाचताना डबा किती मोठा आहे हे विचारतच नव्हता. मॉरिसनं डब्यापेक्षा मोठी ओळ पाठवली, आणि जास्तीचा भाग म्हणून आपल्या सोयीचा मजकूर. सी च्या प्रमाण भाषेतून गेट्सला शेवटी २०११ साली हाकललं. आज लिनक्सवर जुन्या कोडमध्ये ते सापडलं तर कंपायलरची मंडळी धोक्याची सूचना छापतात. पण मर्यादा न सांगितलेला 'परसेंट एस' म्हणजे तोच गेट्स, नुसता कपडे बदलून आलेला. फरक एवढाच की हा मोकळ्या जागेवर थांबतो. चोर दाराऐवजी खिडकीतून आला म्हणून त्याला पाहुणा म्हणायचं का?

आणि मराठीत टाईप केलं तर आणखी मजा. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. मात्रा वेगळी, काना वेगळा. 'सोलापूर' हा शब्द मोजा: स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. सात खुणा, एकवीस बाइट, आणि शेवटची खूण धरून बावीस. म्हणजे वीस जागांच्या डब्यात सोलापूर मावत नाही! मर्यादा सांगून कापलं तर 'सोलापू' उरतं आणि 'र'च्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. (१९९१ च्या इस्की मानकात हेच सात बाइटांत बसायचं, पण ते दिवस गेले.) देवनागरी आकड्यांचं तर बोलूच नका. या लेखात मी जे आकडे लिहिलेत त्यातला एकही 'परसेंट डी' वाचणार नाही. शून्य परत देईल.

आता मास्तर मंडळींची बाजू. ती मी पुष्कळ ऐकली आहे, काही मित्र शिकवतातच. ते म्हणतात, पहिल्या आठवड्यातल्या पोराला ओळ वाचायला शिकवायचं तर ॲरे सांगावा लागतो, स्ट्रिंग सांगावी लागते, पोरगं घाबरतं. स्कॅनएफ सोपा आहे.

सोपा? ज्या फंक्शनला पहिल्या दिवशी व्हेरिएबलच्या आधी अँपरसंड लावावा लागतो, आणि तो का, याचं उत्तर "पॉइंटरच्या धड्यात कळेल, आत्ता पाठ करा" असं द्यावं लागतं, तो सोपा? मग स्ट्रिंग आली की तो अँपरसंड काढायचा. का? "पुढं कळेल." छापताना दशांश आकड्याला 'परसेंट एफ' चालतं, डबल वाचताना तेच चालत नाही, मध्ये 'एल' लागतो. का? "पुढं." छापताना लिहिलेली रुंदी म्हणजे कमीत कमी, वाचताना तीच म्हणजे जास्तीत जास्त. आकडा वाचल्यावर लगेच एक अक्षर वाचायला गेलं की एंटरच तोंडात येतो, आणि "पुन्हा करायचं का?" या प्रश्नाला युजरनं उत्तर द्यायच्या आतच प्रोग्रॅम संपतो. त्यावर लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या एक मंत्र चालत आलाय: "एक जादाचा गेटकॅर टाक." किंवा इनपुटवर एफफ्लश मारा. हे दुसरं औषध टर्बो सी मध्ये लागू पडायचं, म्हणून अजून सांगतात. पण प्रमाण सी मध्ये एफफ्लश आउटपुटसाठी आहे, इनपुटवर ते मारलं तर काय होईल याची भाषा काही हमी देत नाही. याला सोपं म्हणत नाहीत, अंगारा-धुपारा म्हणतात.

आणि ज्यांनी भाषा केली त्यांनी कसं शिकवलं? कर्निघन आणि रिची यांचं सी चं मूळ पुस्तक १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. त्यात पहिल्या प्रकरणात माहिती वाचायला स्कॅनएफ नाहीच. एकेक अक्षर वाचायला गेटकॅर आहे, आणि ओळ वाचायला स्वतः लिहिलेलं छोटं फंक्शन आहे. त्या फंक्शनला जास्तीत जास्त किती अक्षरं घ्यायची ती मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी लागते. पॉइंटर पाचव्या प्रकरणात. स्कॅनएफ येतो सातव्यात. दुसऱ्या आवृत्तीत तिथलं छोट्या कॅल्क्युलेटरचं उदाहरण बघा, लूपच्या अटीतच स्कॅनएफनं १ परत दिला का हे तपासलंय. आणि साचा पक्का नसेल तर आधी ओळ वाचून मग तिचे तुकडे करावेत, हा सल्लाही तिथंच आहे. म्हणजे ज्यांनी जेवण बनवलं त्यांनी वाढायचा क्रम लिहून ठेवला होता, आपण सातवा पदार्थ पहिल्या घासाला दिला आणि वर म्हणतोय पोरांना अपचन का होतं.

मग करायचं काय? काही अवघड नाही. एफगेट्सनं पूर्ण ओळ घ्या. त्याला तीनच गोष्टी सांगायच्या: कुठं ठेवू, किती जागा आहे, कुठून वाचू. दिलेल्या जागेपेक्षा एक अक्षर कमीच घेतो, शेजारी घुसत नाही. ओळीच्या शेवटी एंटरची खूण आली नाही तर समजायचं की माणसानं जास्त लिहिलंय, बाकीचं अजून यायचंय (किंवा इनपुटच संपलंय), तेवढं निस्तरायचं. आकडा हवा असेल तर ती ओळ स्ट्रटॉलला द्या. तो आकडा तर देतोच, शिवाय कुठपर्यंत वाचलं तिथं बोट ठेवून दाखवतो. बोट सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हताच. बोटापुढं एंटरशिवाय काही उरलं असेल तर ते काय आहे ते बघा: '५ वर्षं' मधलं 'वर्षं' असेल, दीड लाखातला स्वल्पविराम असेल. स्वल्पविराम असेल तर काढून टाका आणि पुन्हा वाचा, माणसाला कशाला त्रास! आकडा फारच मोठा असेल तर स्ट्रटॉल तसं सांगतो. स्कॅनएफच्या बाबतीत न मावणाऱ्या आकड्याचं काय होईल हे प्रमाण भाषेनं वाऱ्यावर सोडलंय.

एवढं जड वाटत असेल तर निदान एक करा. स्कॅनएफच शिकवा, पण त्याची चिठ्ठी वाचायला शिकवा. एक मागितला, १ आला नाही, तर "मला आकडा कळला नाही" असं छापून प्रोग्रॅम थांबवा. एक 'इफ' आहे हो. पहिल्या आठवड्यात 'इफ' येत नसेल तर दुसऱ्या आठवड्यात मागं जाऊन घाला. आणि 'परसेंट एस' मध्ये आकडा लिहिल्याशिवाय वहीवर सही करू नका. वीस जागा असतील तर एकोणीस.

कुणी म्हणेल, आता सी मध्ये कोण लिहितंय, सगळं जावा आणि पायथॉन. खरंय. म्हणूनच तर हे भाषेचं भांडण नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या पासबुकावर आडनाव अर्धंच छापलेलं होतं. पतपेढीचा प्रोग्रॅम कुठल्या भाषेत होता ते मला माहीत असायचं कारण नाही, सी मध्ये नसेलच. आधार कार्डावर आडनाव पूर्ण, पासबुकावर अर्धं, दोन्ही जुळेनात. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली, "आजोबा, तुमचं नाव बसत नाही हो." आजोबा घरी येऊन तेच सांगत होते, माझं नाव बसत नाही म्हणे. प्रतिज्ञापत्र करून आणा असं सांगितलेलं. ते स्टँप पेपर घेऊन कोर्टाच्या आवारात दोन दिवस गेले, मी हेच अमुक आणि मीच तमुक असं लिहून देऊन आले. त्र्याऐंशीव्या वर्षी. कुणीतरी कधीतरी वीस की तीस असा एक आकडा मनाला येईल तसा टाकला होता, आणि त्याचं निस्तरणं आजोबांच्या वाट्याला.

तो आकडा टाकणारा माणूस दुष्ट नसणार. त्याच्याही प्रॅक्टिकलला कोणीतरी विचारलं असेल, युजर चुकीचं टाकेलच कशाला.

तेव्हा परीक्षक मंडळींना एक विनंती. लेखी पेपरात काय विचारायचं ते विचारा. प्रॅक्टिकलला मात्र पोराचा प्रोग्रॅम सुरू झाला की कीबोर्ड स्वतःकडे ओढा. वयाच्या जागी 'साठ' असं अक्षरांत लिहा. पगाराच्या जागी स्वल्पविराम घालून लिहा. नावाच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट, घाई न करता. मग नुसता एंटर दाबा. त्यानंतर पडद्यावर जे दिसेल त्याला मार्क द्या.